केतकीचं गणित जमलं

रविवार, संध्याकाळ. इंद्रपुरी.

केतकीचा जर्मनीहून फोन आला. "आई, सिद्धता जमली!"

"म्हणजे काय गं?"

"सॉल्व्हेबल ग्रुप नावाच्या एका खास रचनेच्या सममितीमुळे काही अवकाशांत कुठूनही पाहिलं तरी सारखंच दिसतं. तिथे अंतर मोजायची अशी रीत सापडली, की सरासरी वक्रताही सगळ्या दिशांना सारखीच येते."

"मग तिथे आपलं घर कसं ओळखायचं?"

ती खूप हसली. "कुठेही राहा आई, फरक पडत नाही."

फरक पडत नाही. हे गणितापुरतंच म्हणाली ना? कधी येणार, ते विचारायचं राहिलं. राहिलं, की मीच टाळलं?

फोन ठेवल्यावर ह्यांनी विचारलं, "दिवाळीला येतेय?"

"अभी बिझी है," मी इथल्या सवयीच्या हिंदीत म्हटलं.

हे उठले. तिच्या खोलीत जाऊन पंखा पुसू लागले.