कट न म्हणता सुटलेली बस

ती. दाजी आणि आक्का यांना सोलापूरहून अजिनाथचा दंडवत.

तुमच्या कृपेने आम्ही तिघेही बरे आहोत. ऊन मात्र बरं नाही. दाजी, तुमचा गुडघा कसा आहे? आक्काने कमळाभवानीपुढे माझ्यासाठी उपास धरल्याचं कळलं. तो तिने आजच सोडावा, म्हणून हे पत्र लिहितो आहे. (फोन केला असता, पण फोनवर आक्का रडते, आणि तुमच्यापुढे माझी जीभ उचलत नाही. आमच्या शेजारच्या शाकीरचे वडील महबूबभाई टेम्पो घेऊन करमाळ्याच्या बाजारात निघालेत, त्यांच्या हाती हे देतो.)

मंगळवारी सकाळी मी आंघोळ केली, देवपूजा केली, कपाळाला विभूती लावली आणि घर सोडलं. ही बातमी खरी आहे. ती तुम्हाला आमच्या गल्लीतल्या चहावाल्या मल्लप्पाने कळवली, हेही मला माहीत आहे. त्याने एवढंच सांगितलं नसेल की मी त्या एका सकाळीच चार-पाच वेळा घर सोडलं.

झालं असं. आपल्या राजनंदिनीला पुण्याला सिनेमाचं शिक्षण घ्यायचं आहे. (हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. हळूहळू सांगतो.) त्या अर्जासोबत स्वतः केलेली एक छोटी फिल्म पाठवायची असते. शुक्रवार शेवटचा दिवस, आणि रविवारी तुम्ही ठरवल्याप्रमाणे माळशिरसची मंडळी तिला बघायला येणार. म्हणजे फिल्म झाली नाही तर पोरीकडे पोह्यांची ताटली धरण्याशिवाय काही उरत नव्हतं. ते तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि मी दुसरीकडे बघत होतो.

तिची फिल्म एका दमात घ्यायची होती. मध्ये कुठे थांबायचं नाही, तोडायचं नाही, जोडायचं नाही. एक माणूस बायकोशी भांडून कायमचा घराबाहेर पडतो, गल्ल्यांतून चालत एस्टी स्टँडवर येतो आणि बसमध्ये खिडकीशी बसतो. शाकीर फोनला दांडी लावून मागे मागे चालणार. मी म्हणालो, बाळ, आपलं आयुष्यही असंच आहे, देव कुठे मध्ये थांबवून पुन्हा सुरुवात करून देतो? ती म्हणाली, बाबा, चपला घाला, ऊन वाढतंय.

कॉलेजातला नट उन्हाला घाबरून आला नाही, म्हणून तो माणूस मी. बायको म्हणजे आमची म्हाळसाच. तिने ओरडायचं होतं की पुन्हा या घराची पायरी चढू नका. पहिल्या खेपेला ती दारात आली, पदर खोचला आणि म्हणाली, "जेवायच्या वेळेला या."

नंदिनी म्हणाली, "आई!"

"असलं अभद्र मी बोलायची न्हाय. भरल्या घरात शिनिमा करा न्हायतर काय बी करा."

शिवाय कायमचा निघालेला माणूस रिकाम्या हाताने कसा जाईल म्हणून तिने पिशवीत खरोखरच कडक भाकरी, शेंगाचटणीचा डबा, धोतर आणि तिकिटापुरते पैसे भरले.

दुसऱ्या खेपेला तिला गप्पच उभं केलं. मी तावातावाने निघालो. पण दाजी, सिद्धरामेश्वरांनी या गावात पावलोपावली लिंगं स्थापली आहेत. कोपऱ्यावर लिंग आलं, मी चपला काढल्या, हात जोडले. पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा. नंदिनी पळत आली. "बाबा, हा माणूस चिडलाय! चिडलेला माणूस दर कोपऱ्याला चपला काढतो का?" मी म्हणालो, बायकोवर चिडलाय, देवाने त्याचं काय केलं?

तिसरी खेप शाकीरने घालवली. तो लग्नांचं शूटिंग करतो. लग्नात एखादा पाव्हणा दिसायचा राहिला की रुसवा होतो, म्हणून रस्त्यात जो भेटेल त्याच्या तोंडावर त्याने कॅमेरा नेला. लोकही केस सारखे करून उभे राहिले. मी एकटा रागारागाने पुढे गेलो आणि फिल्ममधून नाहीसा झालो.

चौथ्या खेपेला मल्लप्पा. माझी पिशवी बघून त्याने हातातली किटली खाली ठेवली आणि माझं मनगट धरलं. "काय अजिनाथ, या वयात? भांडण कुणाच्या घरात न्हाय? बस हितं, च्या पी. वहिनीला मी समजावतो." मी सांगितलं, हे खोटं आहे, फिल्म आहे. तो म्हणाला, "व्हय की, सगळे असंच म्हनतात." त्याने मला चहा पाजून, हाताला धरून घरी आणून सोडलं. नंदिनी उंबऱ्यावर बसून रडली. आवाज न करता. तेव्हा मात्र मला दुसरीकडे बघता आलं नाही.

मी म्हणालो, अजून एकदा. तिने डोळे पुसले. "बाबा, चपला काढा, पाया पडा, काय करायचं ते करा. पण कुणाशी बोलू नका, आणि मी 'कट' म्हणेपर्यंत काही झालं तरी थांबू नका." मल्लप्पाला तोंडात तंबाखू धरून बसायला लावलं. शाकीरला फक्त माझी पाठ दाखवायची शपथ घातली.

ही खेप जमली. प्रत्येक लिंगाशी मी थांबलो, हात जोडले, आणि दर वेळी पिशवी जड वाटू लागली. देवाला काय सांगत होतो ते तुम्हाला लिहीत नाही. स्टँडवर बसमध्ये चढलो, खिडकीशी बसलो. ड्रायव्हर चहाला गेलेला असायला हवा होता. तो येऊन बसला आणि बस हलली. बाहेर शाकीर कॅमेरा धरून, शेजारी नंदिनी. तिने तोंड उघडलं, पण 'कट' म्हणाली नाही. फाटकाजवळचा शेंदरी मारुती आला, माझे हात आपोआप जुळले, आणि बस बाहेर पडली. पोरगी म्हणते, असा शेवट तिला सुचलाही नसता.

पुढे मी उतरलो आणि संध्याकाळच्या बसने घरी आलो. बाकी सर्व क्षेम. आक्काला उपास सोडायला सांगावं.

आपला
अजिनाथ

ता. क. उतरलो असं लिहिलं, कुठे ते लिहिलं नाही. बस माळशिरसची होती. पहिल्याच थांब्यावर उतरता आलं असतं. पण पोरीने कट म्हटलं नव्हतं. मुलाच्या वडिलांच्या, अभिमन्यूरावांच्या घरी गेलो. माणसं सोन्यासारखी आहेत, तुमची पारख चुकली नाही. पाणी प्यायलो आणि म्हणालो, पोरगी शिकायला जाणार आहे, निवड होवो न होवो, रविवारी येऊ नका. तुमच्याआधी त्यांना सांगितलं याची क्षमा असावी. तुम्हाला विचारलं असतं तर मी तुमचंच ऐकलं असतं.

ता. क. दुसरा. खरं काम हे आहे. बोलण्याच्या नादात चटणीचा डबा त्यांच्याकडे राहिला. काल त्यांचा फोन आला की डबा रिकामा कसा देणार, तो भरून सगळेच रविवारी येतो. दाजी, काहीही करून तो डबा मधल्या मध्ये ताब्यात घ्या. नाहीच जमलं तर तुम्हीही या. पोहे करू आणि सगळ्यांना फिल्म दाखवू. तिच्या शेवटी खिडकीत बसलेला माणूस कुणाला नाही म्हणायला निघालाय, ते आपण कुणी बोलायचं नाही.

फिल्म आज सकाळी रवाना झाली. पाठवायचं बटण नंदिनीने माझ्यापुढे धरलं. मी चपला काढल्या, हात जोडले आणि दाबलं.