वेल्डवर ताण नाही

५ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. सेक्शन हेडची जागा रिकामी झाली आहे आणि नेमक्या याच वेळी साहेबांनी ब्रॅकेटचं काम मला दिलं आहे. सुज्ञांस सांगणे न लगे.

काम असं. बसमध्ये व्हीलचेअर उचलून घेणारा एक प्लॅटफॉर्म असतो. तो ज्याच्यावर तोललेला असतो तो ब्रॅकेट. दोन जाड प्लेटा एकीवर एक ठेवून कडांनी वेल्ड केलेल्या. तो किती वर्षं टिकेल हे मी कॉम्प्युटरवर सांगायचं. लोखंडही थकतं. एकदा जोर लावला तर ढिम्म राहतं, पण तोच जोर लाखो वेळा लावला की वेल्डपाशी तडा जातो. याला फटीग म्हणतात. हिला समजावून सांगितलं. ही म्हणाली, मग कधीतरी माझंही अ‍ॅनालिसिस करा.

संकल्प: पहाटे पाचला उठून फिरायला जाणे. ब्रॅकेट गुरुवारपर्यंत संपवणे. ऑफिसात कुणाला तोडून न बोलणे.

६ फेब्रुवारी, मंगळवार
उठलो पावणेआठला. फिरणं रद्द. डोकं ताजं ठेवायचं तर झोप हवी.

दिवसभर स्क्रीनवर वेल्डचं चित्र काढलं. बाकीचे लोक मॉडेलमध्ये प्लेटा जोडून मोकळे होतात, वेल्ड काढायचे कष्ट कोण घेतो? मी प्रत्येक कडेचं वेल्ड वेगळं काढलं, कोपऱ्यात वळवून, वर किंचित फुगीर. चहा नेणारे थांबून बघत होते.

आमच्याकडे सहा महिन्यांपूर्वी एक मुलगी लागली आहे. तिला सतत शंका येतात म्हणून मी तिचं नाव शंकाबाई ठेवलं आहे. आजची शंका: सर, दोन्ही प्लेटा जिथे एकमेकींना टेकतात तिथे तुम्ही सॉफ्टवेअरला काय सांगितलंय? म्हटलं, सांगावं लागत नाही, ते आपलं आपण ठरवतं, महाग सॉफ्टवेअर आहे. तोडून बोललो नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार
रिझल्ट आला! ताण जास्त तिथे लाल, कमी तिथे निळा असा रंग येतो. माझा ब्रॅकेट सगळा निळा. आणि वेल्ड तर निळंशार. आयुष्य: अमर्याद. असं वेल्ड आमच्या ऑफिसात आजवर कुणी काढलेलं नाही, त्याचाच हा परिणाम.

स्क्रीनचा फोटो काढून घरी हिला दाखवला. ही म्हणाली, निळा छान आहे, पण पडद्यांना नको.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
साहेबांसमोर प्रेझेंटेशन. ऐन वेळी सुचलं आणि बोलून टाकलं: वेल्डची जाडी निम्मी करता येईल. तिथे वेल्डला कामच नाहीये. साहेब खूश. वेल्डिंगची वायर वाचेल, वेळ वाचेल. टेस्टचा ब्रॅकेट सहाऐवजी तीन एमएमच्या वेल्डने करायचं ठरलं.

शंकाबाईने हात वर केला. म्हटलं मीटिंगनंतर बोलू. मीटिंगनंतर मला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. म्हणजे कधीतरी जायचंच आहे.

१२ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसातून आलो तर मेहुणा घरी. हिचा धाकटा भाऊ, आमच्याच कारखान्यात वेल्डर. त्याच्यासाठी शब्द मी टाकला होता. त्याला विसर पडू नये म्हणून अधूनमधून आठवण करून देतो.

टेस्टचा ब्रॅकेट त्याच्याच वाट्याला आला. म्हणाला, भावोजी, तुमचं डिझाइन आहे म्हटल्यावर मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मोबाइलवर फोटो दाखवला. ही म्हणाली, अगं बाई, शिवण घातल्यासारखं दिसतंय. खरंच सुंदर होतं. मी म्हटलं, ठीक आहे. फार कौतुक केलं की पोरं बिघडतात.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
टेस्ट सुरू. मशीन ब्रॅकेटला खालीवर हलवत राहतं, दहा लाख वेळा. आठवडाभर चालेल. कँटीनमध्ये सगळ्यांना सांगितलं, मी बघायला जाणार नाही, गरजच नाही. तीनदा जाऊन आलो.

१४ फेब्रुवारी, बुधवार
तुटला.

जेवणाच्या सुट्टीत. ग्राहकाकडचा इन्स्पेक्टर समोर उभा असताना. बरोबर वेल्डवरून, कडेने फाडल्यासारखा.

लगेच मीटिंग. साहेबांनी विचारलं, कारण काय? सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की वेल्डिंगची क्वालिटी एकदा तपासायला हवी.

मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. फक्त वेल्डिंग म्हणालो. आता ब्रॅकेटवर वेल्डरचा नंबर ठोकलेला असतो, त्याला मी काय करणार?

१५ फेब्रुवारी, गुरुवार
चौकशी होईपर्यंत मेहुण्याला घरी बसवलंय. एका अर्थी बरंच झालं, त्याला विश्रांती हवीच होती.

संध्याकाळी तो आपल्या ताईला भेटायला आला. चिडला असता तर बरं झालं असतं, मीही चिडलो असतो. तो म्हणाला, भावोजी, माझाच हात हलला असणार, तुमचं गणित चुकायचं नाही. ही मला म्हणाली, तुम्ही साहेबांशी बोला ना. मी म्हटलं, ते माझ्या खात्यात येत नाही. मग बराच वेळ पेपर वाचला. कालचा होता.

१९ फेब्रुवारी, सोमवार
वेल्डच खराब होतं याचा पक्का पुरावा मिळावा म्हणून मॉडेल उघडलं. कुणी विचारलं तर उत्तर तयार असावं, एवढ्यासाठीच.

नको तिथे नजर गेली. दोन प्लेटा जिथे टेकतात तिथे सॉफ्टवेअरने त्या आपल्या आपण चिकटवून टाकल्या होत्या. पूर्णच्या पूर्ण, डिंक लावल्यासारख्या. ते न विचारता तसंच करतं, आपण जाऊन काढायचं असतं. खऱ्या ब्रॅकेटमध्ये प्लेटा नुसत्या टेकलेल्या असतात, धरून ठेवतं ते फक्त कडेचं वेल्ड. म्हणजे मी सदरा समोरून शिवून टाकला, वर बटणं लावली आणि बटणांवर ताण येत नाही म्हणून ती निम्मी करायला सांगितली.

चिकटवणं काढलं. परत चालवलं. वेल्ड लाल. जिथे तुटला तिथेच.

फाइल बंद केली. चहा घेतला, तो प्यायलो नाही. शंकाबाई समोरून गेली आणि नुसती हसली, तरी मला घाम फुटला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

लाज वाटते आहे. रोजनिशीत तरी खरं लिहावं म्हणून लिहिलं.

२० फेब्रुवारी, मंगळवार
संकल्प: आज साहेबांना सांगणे.

सकाळी ते फोनवर होते. नंतर त्यांच्याकडे कुणी बसलं होतं. दुपारी मूड चांगला होता, कशाला घालवा? संध्याकाळी मूड वाईट होता, तेव्हा तर शक्यच नव्हतं. उद्या नक्की.

२१ फेब्रुवारी, बुधवार
तोंडी सांगण्यापेक्षा मेल बरा. विषय: एक छोटीशी सुधारणा. पहिलं वाक्य: सॉफ्टवेअरच्या एका सवयीमुळे असे निदर्शनास आले आहे की. पुढे मेहुण्याबद्दल एक वाक्य घालायचं होतं. ते चार प्रकारे लिहून बघितलं. प्रत्येक वेळी त्यात ‘मी’ येत होता. मेल तसाच ठेवला आहे, पाठवला नाही.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार
आजचं लिहू नये असं वाटत होतं.

मेहुणा आला. हातात कापडात गुंडाळलेला लोखंडाचा तुकडा. मित्राच्या वर्कशॉपमध्ये भंगारावर प्रॅक्टिस करतोय म्हणाला. तुकडा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, भावोजी, आता बघा बरं, काही चुकतंय का? तुम्हीच सांगा. आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

मी चष्मा लावला. तुकडा उजेडात धरला. वेल्ड पहिल्या फोटोतल्याइतकंच सुंदर होतं. आणि मी, भल्या माणसाने, काय म्हणावं? म्हणालो, सुधारणा आहे.

तो बरं म्हणाला, तुकडा परत गुंडाळला आणि गेला. जेवायला थांब म्हटलं तर थांबला नाही. स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

२४ फेब्रुवारी, शनिवार
ही म्हणाली, तो सोमवारी साहेबांना काय ते सांगणार आहे. म्हटलं, काय सांगणार आहे? म्हणाली, ते त्याला माहीत. भाजी चिरत होती, वर बघितलं नाही.

राजीनामा देणार. दुसरं काय असणार? हातात इतकी कला असलेलं पोर माझ्यापायी वेल्डिंग सोडणार. आता शेंडी तुटो वा पारंबी. सोमवारी तो पोहोचायच्या आत मी साहेबांपुढे उभा राहणार.

२६ फेब्रुवारी, सोमवार
गेलो. सगळं सांगितलं. सॉफ्टवेअरचं नाव घेतलं नाही. मी चुकलो आणि दुसऱ्यावर ढकललं, असं म्हणालो. मनातून जरा बरं वाटायला लागलं होतं. साहेब उठतील, खांद्यावर हात ठेवतील, असंही वाटून गेलं.

साहेब सह्या करत होते. म्हणाले, माहीत आहे. तुटलेलं वेल्ड त्यांनी गेल्याच आठवड्यात कापून तपासून घेतलं होतं. एक नंबर निघालं. शंकाबाईने स्वतः मॉडेल करून प्लेटा चिकटवलेलं आणि न चिकटवलेलं अशी दोन्ही चित्रं आणून दिली होती. यापुढे तुमच्या फाइली आधी तिला दाखवत चला, म्हणाले.

मी विचारलं, मग मेहुण्याला अजून घरी का बसवलंय?

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, त्याला बुधवारीच बोलावून सांगितलं, तुझी चूक नाही, उद्यापासून ये. चूक कुणाची तेही सांगितलं. तर तो म्हणाला, साहेब, मला सोमवारपर्यंत सुट्टी द्या, भावोजी मला स्वतः सांगतील, मी त्यांना तशी संधी देतो.

बुधवारी. म्हणजे शुक्रवारी तो तुकडा घेऊन आला तेव्हा त्याला सगळं माहीत होतं.

ही भाजी चिरताना वर का बघत नव्हती, तेही आता कळलं. घरी कोणत्या तोंडाने जायचं ते अजून ठरलेलं नाही.

खाली वेल्डिंग शॉपमध्ये गेलो. तो आजपासून कामावर आला होता. नवीन ब्रॅकेट, सहा एमएमचं वेल्ड. काय बोलायचं ते जिन्यात तीनदा म्हणून बघितलं होतं. मला बघून त्याने काम थांबवलं, मास्क वर केला, वाट बघितली. शेवटी त्यानेच विचारलं, भावोजी, जेवलात का?

हो म्हणालो. जेवलो नव्हतो.