थोरल्याची बंदूक

४ नोव्हेंबर
आलो एकदाचा! दिवसभर होडीत बसून अंग आंबून गेलं. पण मन असं हलकं की विचारू नका. पोलीस ठाण्यामागची दगडी खोली आता माझ्या ताब्यात. गावोगावच्या छऱ्याच्या बंदुका इथे ठेवायच्या. एखादीचा मालक मेलेला, एखादीचा शहरात गेलेला. त्या गंजू द्यायच्या नाहीत, एवढंच माझं काम. सार्जंट मेराम म्हणाले, बायको करून आण, नाहीतर बंदुकांशीच बोलायला लागशील.

मी इथे येण्याचं खरं कारण फक्त आईला ठाऊक आहे. थोरला भाऊ बेलायोंग उन्हाळ्यात रानडुकराच्या शिकारीला नदीच्या वरच्या अंगाला गेला. होडी उलटी सापडली, बंदूक काठच्या झाडाच्या बेचक्यात कोरडी सापडली, तो मात्र सापडला नाही. ती बंदूक याच खोलीत आहे. आईने अजून सुतक धरलेलं नाही. निघताना म्हणाली, नीट सांभाळ, तो आल्यावर तुझ्यावर ओरडायला नको.

७ नोव्हेंबर
आधीच्या माणसाने सगळ्या बंदुका कातडी म्यानात घालून ठेवल्या होत्या. शहाणाच! कातडं ओल धरतं आणि लोखंड आतल्या आत खातं. सगळी म्यानं काढली. कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात दिला, नळीत ग्रीस भरलं, आणि तेल उतरून लाकडी दस्त्यात मुरू नये म्हणून तोंडं खाली करून उभ्या केल्या. हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही. घामाने सर्वात आधी गंज धरतो. कपाटात एक दिवा कायम जळता ठेवला, हवा कोरडी राहते.

थोरला आपल्या बंदुकीला खोबरेल चोपडायचा. अजून तिला स्वयंपाकघराचा वास येतो. हसू आलं, आणि मग डोळे भरून आले.

स्वयंपाक करणारी मेंगा आजी दारात येऊन म्हणाली, कशाला राबतोस रे बाळा? जित्याची बंदूक इथे गंजत नाही आणि मेल्याची राहत नाही. आपल्यात मेलेल्याची वस्तू मोडून त्याच्या थडग्यावर ठेवायची, म्हणजे ती त्याला पोचते. सरकार कुलपात घालतं. मग तो येतो आणि थोडी थोडी करून नेतो. गंज म्हणजे त्याचं नेणं. सार्जंट म्हणाले, आजी, नेतो तर सगळी का नेत नाही? माझं तरी काम कमी होईल.

१२ नोव्हेंबर
तीन बंदुका ग्रीसखालून गंजल्या. सार्जंटना विचारलं. तिन्हींचे मालक वारलेले. एन्त्री मास्तर जिवंत आहेत, मिरी शहरात राहायला गेले, त्यांच्या बंदुकीला तेल द्यायचं मी चक्क विसरलो होतो. ती लखलखीत!

थोरल्याचीही लखलखीत. खोटं कशाला सांगू, मी एकटाच नाचलो. खाली जाणाऱ्या होडीवाल्याकडे आईला निरोप दिला: थोरला जिवंत आहे, येणार आहे.

१७ नोव्हेंबर
त्याच्या बंदुकीच्या चापावर मोहरीएवढा ठिपका. माझ्याच घामाचा असणार. हातमोजा फाटका होता बहुतेक. पितळी तारेने घासला, तेल दिलं. गेला.

१९ नोव्हेंबर
ठिपका परत आला. नळीवरही गंज आहे, जिथे धरून तो ती खांद्यावर टाकायचा तिथे. चार बोटं उमटली आहेत. तिसरं बोट अर्धंच.

थोरल्याचं तिसरं बोट अर्धं करवतीत गेलं होतं.

ओल आहे. पावसाळी हवा आहे. दुसरं काही नाही.

२१ नोव्हेंबर
ग्रीसचा अख्खा डबा संपवला. बोटं वर येतातच. मेंगा आजी रडकुंडीला येऊन म्हणाली, मोड ती आणि देऊन टाक त्याला, का अडवून धरतोस बिचाऱ्याला? मी तिच्या अंगावर ओरडलो. देऊन टाकली म्हणजे तो मेला. मग आईला कुठल्या तोंडाने सांगू? मीच कळवलं ना, येणार म्हणून!

२३ नोव्हेंबर
एक सापडलं. मी हातमोजे काढून, उघड्या हाताने नळी धरून बसलो की गंज थांबतो. हात काढला की पसरतो. म्हणून धरून बसलो आहे. सार्जंट म्हणतात, ताप चढलाय तुला, घरी जा. जात नाही.

होडीवाल्याने आईचा निरोप आणला. तिने नवी चटई विणली आहे. बांबूत डुकराचं मटण शिजवणार आहे. त्याला आणायला ती स्वतः निघाली आहे.

देवा, हे मी काय करून बसलो —

२४ नोव्हेंबर
तळहात तांबूस झाला आहे. धुतला, जात नाही. कातडी खरखरीत, थंड. दुपारी मनगटावरही उमटली. चार बोटं. तिसरं अर्धं.

तो ओढतो आहे. जोराने नाही. लहानपणी नदीवर न्यायचा तसा, चल ना, म्हणून —

मी सोडणार नाही. सोडलं तर तो मेला.

२५ नोव्हेंबर
उजवा हात नळीपासून सुटत नाही. डाव्याने लिहितो आहे. कोपरापर्यंत तांबडं — बंदूक मात्र स्वच्छ. एकही डाग नाही —

होडी लागली. आईचा आवाज. सार्जंटना विचारते आहे, माझी दोन्ही मुलं कुठे आहेत —

तिला आत सोडू नका, म्हणून ओरडायला गेलो. आवाज फुटला नाही —

दारात आहे. हसते आहे. माझ्याकडे बघत नाही, माझ्या मागे बघते आहे. म्हणते, बेलायोंग, आलास का रे? किती वाळलास —

आत आली. हात पुढे करते आहे —

आई, नको, तो मेलाय, मी खोटं सांगितलं, आई, त्याचा हात धरू न