तीनशे सरळ काकड्या

२ फेब्रुवारी, सोमवार

चौतीस वाकड्या! सकाळी तोडलेल्या एकशे दहातल्या चौतीस. काही कोयत्यासारख्या वळलेल्या, काही टोकाला फुगून मध्येच बारीक झालेल्या. पाणी वेळेवर, खत वेळेवर. प्रत्येक फळ पानापासून, दोरीपासून मोकळं लटकेल असं मी स्वतः हातानं करते. मग दोष कशाचा? थंडीचा. पहाटे पॉलिहाऊसमध्ये नऊ अंश होते. काकडीला नऊ अंश म्हणजे छळच.

फूटपट्टी सोळा तारखेला येणार. हॉटेलांना भाजी पुरवणारा हा माणूस. खरं नाव काय कुणास ठाऊक, सगळे फूटपट्टीच म्हणतात. खिशातून लाकडी पट्टी काढतो, काकडी तिला टेकवतो, मधून उजेड दिसला की काकडी बाजूला. एका तोडणीत तीनशे सरळ काकड्या दाखवायच्या. दाखवल्या तर वर्षभराची मागणी माझी.

नाहीतर? हे म्हणालेच आहेत, ‘या हंगामात जमलं नाही तर पॉलिहाऊसचा सांगाडा विकून टाकू.’ म्हणजे मी परत पॅकिंगच्या शेडमध्ये, लोकांच्या काकड्या निवडायला. चौदा वर्षं निवडल्या. आता जीव गेला तरी जाणार नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

हीटर आला! जुना आहे, पण पेटतो झकास. ह्यांच्या बस डेपोतल्या कुणाच्या तरी ओळखीनं मिळाला. गॅसवर चालतो. विकणारा म्हणाला, ‘धुराड्याची गरज नाही ताई, याचा वायू वेलींना खाऊच आहे.’ खाऊ! मला फार आवडलं ते.

दुपारभर चिकटपट्टी घेऊन फटी बुजवत होते. छताची झडप बंद. बाजूचे पडदे खाली ओढून मातीत दाबले. हे ड्यूटीवरून आले आणि म्हणाले, ‘जरा फट ठेव कुठेतरी.’ म्हटलं, फट ठेवून ऊब काय रस्त्याला वाटायची?

सगळ्यात खूश वन्सं. ह्यांची ही थोरली बहीण. लग्न केलं नाही, तीस वर्षं शाळेत शिकवलं, निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे. सहा वर्षं झाली. माझं काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. भांडं कुठं ठेवलं, दिवा का चालू राहिला, सगळं! गेल्या वर्षी काकड्या वाकड्या निघाल्या आणि शेजारच्या गोठ्यात गेल्या, तर म्हणाल्या, ‘गाईंचे लाड चाललेत.’ मी अजून विसरले नाही.

‘आता माझ्या गुडघ्यांचं भलं झालं,’ म्हणत आज खुर्ची घेऊन थेट हीटरशेजारी. बसल्या बसल्या काकड्या निवडून देतात. ही पास. ही नापास. ही काठावर. शाळा सुटली, मास्तरकी सुटत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पहाटे आत अठरा अंश!! वाटलं, वेलींना मिठी मारावी.

८ फेब्रुवारी, रविवार

फुलंच फुलं. एवढी मादी फुलं मी शेडच्या मालकाकडेही कधी पाहिली नव्हती. प्रत्येक पेऱ्यावर दोन-दोन, तीन-तीन. जास्तीची खुडून टाकली, नाहीतर एकमेकींना ढकलून सगळ्या वाकतील. पानं मात्र थोडी खाली वळल्यासारखी वाटतात, कडा आत घेतलेल्या. पाणी कमी पडतंय का? उद्यापासून थोडं वाढवते.

वन्संचं डोकं दुखतंय. तीन दिवस हेच. दहा वाजता आत येतात, अकरा-साडेअकराला ‘डोकं जड झालं गं’ म्हणून उठतात. फाटकाजवळच्या पायरीवर जाऊन बसतात. अर्ध्या तासात ठणठणीत! रस्त्यानं जाणाऱ्या पोस्टमनशी हसून गप्पा. काम दिसलं की डोकं, गप्पा दिसल्या की बरं! हे दुखणं मला पण पाहिजे.

९ फेब्रुवारी, सोमवार

तोंडावर बोललेच. त्या पायरीवर बसल्या होत्या आणि मी दोन क्रेट उचलून नेत होते. म्हटलं, ‘वन्सं, तुमचं डोकं मोठं हुशार आहे. बरोबर आतच दुखतं.’

नुसत्या बघत राहिल्या. मग उठून आत गेल्या आणि एक वाजेपर्यंत हलल्या नाहीत. जेवल्या मात्र दोनच घास.

जरा जास्त बोलले का? असेल. पण सहा वर्षांत त्या किती बोलल्या!

११ फेब्रुवारी, बुधवार

आज नवीनच. क्रेट भरून झाला आणि मी सहज वरून नजर टाकली, तर ‘पास’च्या क्रेटमध्ये वाकड्या! एक नाही, सात. नजरेत भरणाऱ्या. वन्संना दाखवल्या, तर म्हणतात, ‘आज सगळ्यांना पास.’ आणि हसल्या. त्यांचं ते नेहमीचं टोचणारं हसू नव्हतं. तोंड सैल सोडल्यासारखं काहीतरी. मला बघवलं नाही.

मुद्दाम करतात का? माझी फजिती व्हावी म्हणून? हा विचार आला खरा. इथे कुणापासून लपवू?

दुपारी उलटी झाली. हे घरी होते, लगेच डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले पित्त आहे, वय आहे, वेळेवर जेवा. गोळ्या दिल्या. हे रात्रभर कुशी बदलत होते. वन्संनीच ह्यांना लहानपणापासून वाढवलं. त्यांना काही झालं की ह्यांचा जीव थाऱ्यावर राहत नाही.

माझंही डोकं संध्याकाळी ठणकतं. चष्म्याचा नंबर बदलला असणार.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

चारच वाकड्या! एकशे चाळीसमध्ये चार! हातात घेतली की गार, सरळ, एकसारखी जाड, साल अशी की नख लागलं तर पाणी येईल. एकेक उचलून उजेडात धरत होते. किती दिवसांनी मी गुणगुणले!

सोमवारसाठी सव्वातीनशे फळं हेरून ठेवलीत. रविवारी संध्याकाळी तोडायची. आजपासून त्यांना कुणी हातही लावायचा नाही.

ह्यांनी सकाळी आत डोकावून पाहिलं. म्हणाले, ‘ज्योत पिवळी कशी गं? निळी पाहिजे. आणि प्लास्टिकवर ही काजळी?’ लगेच मेकॅनिकला फोन. तो म्हणाला, उद्या-परवा येऊन जातो. उद्या पहाटे हे लांबच्या फेरीवर जाणार, परवा संध्याकाळी परत. मला आत्ताच तीनदा बजावलं, ‘तो आला की मला कळव.’

वन्सं आज आत दोनदा झोपल्या. खुर्चीतच. हाक मारली तर पटकन उठल्या नाहीत.

१४ फेब्रुवारी, शनिवार

अक्षर कसंही येतंय.

मेकॅनिक साडेतीनला आला. वन्संनीच फाटक उघडलं, चहा करून दिला आणि पडायला आतल्या खोलीत गेल्या. मी त्याला पॉलिहाऊसमध्ये घेऊन गेले. खिशातून त्यानं एक छोटं यंत्र काढलं. दारातच ते किंचाळायला लागलं. त्यानं माझं मनगट धरलं आणि मला अक्षरशः ओढत बाहेर काढलं.

‘किती दिवस चालवताय हा असा?’

म्हटलं, दहा.

‘आत कुणी बसतं?’

मी दारातून आतल्या खुर्चीकडे बघितलं.

तो बोलत होता, मी ऐकत होते. गॅस पुरता जळत नाही. हवा कोंडली आहे. त्यातून जो वायू होतो त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं. मग मळमळ, उलटी. मग माणूस असंबद्ध वागतो. मग झोप. ‘आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही, ताई. बाहेर मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं, म्हणून कुणाला संशय येत नाही.’ पानं वळली, फुलं वाढली, तीही त्याचीच करणी म्हणे. खाऊ!

त्यानं हीटर बंद केला. पार्ट सोमवारी दुपारी मिळेल, तोवर काडीही ओढू नका, म्हणाला. गेला.

मी पायरीवर बसून राहिले. त्याच पायरीवर. वन्सं रोज इथे येऊन श्वास घेत होत्या आणि मी त्यांच्यावर विनोद करत होते. मला माझीच किळस आली. खरंच आली.

मग रेडिओवर सांगितलं, आज रात्री पारा शून्याच्या खाली.

शून्य. सव्वातीनशे फळं. एका रात्रीत काळी पडतील, वेलही जातील. आज तोडावीत, तर अजून बोटभर लहान आहेत. फूटपट्टी लहान घेत नाही. घरातली सगळी पांघरुणं मोजली, दोन ओळींनाही पुरत नाहीत. तास-दीड तास नुसत्या फेऱ्या मारल्या.

सहाला हीटर पेटवला.

फक्त आजची रात्र. आत कुणी जाणारच नाही, मग कुणाला काय होणार? सकाळी सातला मी बाहेरून पडदे वर करीन, झडप उघडीन, तासभर हवा खेळू देईन. ह्यांना फोन केला नाही. केला तर म्हणतील, आधी विझव. वन्संना सांगितलं तर त्या फोन करतील. म्हणून त्यांना एवढंच म्हटलं, ‘उद्या आत येऊ नका. काम नाही.’

त्या ताट धुवत होत्या. वळल्याही नाहीत. म्हणाल्या, ‘कळलं मला. माझ्या चुका फार होतात ना.’

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. कारण विचारलं असतं तर? तसंच मिटलं. सोमवारी सगळं सांगेन. पाय धरून सांगेन.

१५ फेब्रुवारी, रविवार

हॉस्पिटल. वही पिशवीतच होती.

सातला गेले तर पॉलिहाऊसचं दार नुसतं लोटलेलं. वन्सं खुर्चीत. मांडीवर कात्री. पायाशी एक क्रेट भरलेला, दुसरा अर्धा. गाल लालसर, छान झोप लागल्यासारखे. मी ओरडले. हलवलं. काखेत हात घालून ओढत बाहेर आणलं. त्या एवढ्या हलक्या असतील असं वाटलं नव्हतं. शेजारच्या गोठेवाल्यानं गाडी काढली.

केव्हा गेल्या असतील? सहाला? त्याच्याही आधी? मी उठायच्या आत काम उरकून दाखवायचं होतं त्यांना. आणि तेही मलाच.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘त्रास आजच सुरू झाला का?’ मी हो म्हटलं. का म्हटलं हो? तोंडातून निघून गेलं. आता परत कसं घेऊ?

ऑक्सिजन लावलाय. अजून काही सांगता येत नाही, म्हणतात. हे संध्याकाळी पोचले. कपडे न बदलता तसेच वन्संच्या उशाशी बसलेत, त्यांचा हात दोन्ही हातांत धरून. माझ्याकडे बघितलं, पण काही विचारलं नाही अजून.

१६ फेब्रुवारी, सोमवार

फूटपट्टी येऊन गेला असेल. फाटकाला कुलूप आहे. आठवलंसुद्धा ते दुपारी.

वन्संनी चारला डोळे उघडले. ह्यांना ओळखलं. मला ओळखलं की नाही, कळलं नाही. नुसत्या बघत राहिल्या.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज ह्यांनी विचारलं. शांतपणे, वन्संच्या पलंगापाशीच. ‘तो मेकॅनिक येणार होता ना शनिवारी? काय म्हणाला तो?’

मी म्हटलं, ‘आलाच नाही.’

वन्सं जाग्या होत्या. त्यांनी सावकाश तोंडावरचा मास्क बाजूला केला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे.

‘नाही आला रे,’ म्हणाल्या. ‘मी दिवसभर घरीच होते.’