ऋतुजा बसने जाणार

४ जून, सोमवार
ठरलं. ऋतुजाला एकटीने बसने जायला मीच शिकवणार. लेक बावीस वर्षांची, ऑटिझम आहे, पण एकदा शिकवलेलं जन्मात विसरत नाही. कोथरूडच्या बेकरीत पॅकिंगचं काम मिळतंय. तिथल्या राजनंदिनीताईंची अट एकच: २ जुलैला दहाच्या आत हजर, आणि रोज एकटीने यायचं. नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला.
इतकी वर्षं आयटीत काय गवत उपटलं? व्हीआर हेडसेट आणलाय. वारज्याचा अख्खा स्टॉप थ्रीडीत उभा करतो. नम्रता म्हणाली, त्यापेक्षा तिला सरळ बसने घेऊन जा ना. बायकोला टेक्नॉलॉजीचं वावडंच आहे.

१० जून
स्टॉप तयार. बस येते, पिवळ्या रेघेवर थांबते, दार उघडतं. कंडक्टर हसून या म्हणतो. काय सुंदर झालंय!

१९ जून
ऋतुजा हॉलमध्ये हेडसेट घालून बस पकडते. एकदाही चूक नाही. नम्रताने विचारलं, तू स्वतः बसने शेवटचा कधी गेला होतास? निगेटिव्ह लोकांशी वाद घालायचा नाही, हा जानेवारीचाच संकल्प आहे.

२५ जून, सकाळी
फील्ड टेस्ट. बस आली. स्टॉपच्या बरीच पुढे, रस्त्याच्या मधोमध जेमतेम थांबली. सगळे धावले. ऋतुजा जागेवरच. म्हणाली, बाबा, बस अजून आली नाही.
लॉजिक करेक्ट आहे. ड्रायव्हर चुकला.

२७ जून
तीच गत. पुढे पळ म्हटलं तर कानावर हात दाबून ओरडायला लागली. लोक बघत होते. पळायचं मी शिकवलंच नव्हतं. मायनर बग.

२८ जून
रस्त्यात उभा राहून बसला हात केला. ड्रायव्हरला विनंती केली, जरा रेघेवर घेता का? म्हणाला, काका, घरी सांगून आलात ना?

२९ जून
व्हर्जन टू. आता बस पुढे थांबते, पळायचं. ऋतुजाने हेडसेट काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, ही खोटी बस आहे.
सोमवारी जमेल. जमायलाच हवं.

२ जुलै, सोमवार
बस अगदी रेघेवर थांबली. दार उघडलं. ऋतुजा चढली, पास दाखवला, खिडकीशी बसली. मी मागोमाग चढलो. डोळेच भरून आले.
मग ड्रायव्हर उतरला. इंजिन बंद पडलं होतं, म्हणून थांबली होती. लोक शिव्या घालत खाली उतरले. कंडक्टर म्हणाला, क्रेन आल्याशिवाय ही हलत नाही आता. ऋतुजाला उतर म्हटलं. नाही म्हणाली, उतरायचं बेकरीपाशी. मीच शिकवलंय.
साडेदहाला राजनंदिनीताईंचा फोन. फार गोड बोलल्या. जागा दुसऱ्या मुलीला दिली.
ऋतुजाला सांगवलं नाही. रिकाम्या बसमध्ये तिच्या शेजारी बसून मोबाइलवर हे लिहितोय. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. मी नसलो की हिचं काय होणार? मला काहीच जमत नाही.
तिने विचारलं, बाबा, बेकरी कधी येणार?
म्हटलं, येईल आता.