मुंडाशातल्या दोन गोळ्या

औरंगाबाद, दवाखाना

त्रिंबकच्या बाबांना बानाबाईचा नमस्कार. पत्र नर्सबाई लिहून देत्यात.

मी आता उठून बसते, घोर करू नका. काळी मेंढी व्याली का? त्रिंबक पोटभर जेवतो का?

नवरात्रात उपास मोडंल म्हणून मी रोजची गोळीबी सोडली, तेच नडलं अन् वाटंत कोसळले. डॉक्टर म्हणले, किडनीवरच्या ग्रंथी अंगाला लागंल तसा रस करत्यात, साठवून ठेवत नाय. रोज थापायची भाकरच समजा. माझ्या ग्रंथींच्या चुलीत जाळच उरला नाय, म्हणून त्या रसाची ही गोळी जन्माची.

दोन गोळ्या तुमच्या मुंडाशातबी बांधा. वाटंनं मी मेंढरांच्या मागं असते. माझी हाक आली नाय, तर वळून बघत जा.

तुमच्या मागून चालणारी,
बानाबाई