विमान फुटलं त्या दिवशी

शारजा, मार्च १९६४

प्यारी कुबरा, हारुनभाईचा सलाम. अम्मीचा दमा कसा आहे?

दुल्हेभाई यूनुस खुशाल आहेत, पोरांना सांग, त्यांचे अब्बा बरे आहेत. इंग्रज लष्कर पाण्यावर उतरणारं नवं विमान इथल्या समुद्रात तपासत होतं. ते उतरताना फुटलं. दुल्हेभाईंनी होडी नेऊन पायलटला बाहेर काढलं. त्यात त्यांचा हात चेमटला.

पुढे हुकूम आला, असली विमानं आता बनवायची नाहीत. साहेबलोकांनी मोडक्या विमानापुढे दारू पिऊन फोटो काढले. तो पायलटही हसत होता. मी त्याला म्हटलं, "साहेब, यूनुस इस्पितळात आहे."

"कोण यूनुस?"

मला किळस आली. साहेबलोकांकडची ती नोकरी मी सोडली.

रडू नकोस. ते नीट जेवतात. उजवा हात कापावा लागला, म्हणून हे पत्र मी लिहितोय. बकरी ईदला इन्शाल्ला त्यांना घरी आणतो.

तुझ्यासाठी दुआ करणारा,
हारुन